तारुण्याचा घुमट आणि न जुळणारं हाड

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, लँडर्स गावाजवळ, जॉर्ज व्हॅन टॅसलने 1950 च्या दशकात एक लाकडी घुमट उभारायला घेतला. नाव इंटिग्रेट्रॉन. त्यातल्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे पेशी पुन्हा ताज्या होतील, असा त्याचा दावा होता; कल्पना शुक्रावरच्या पाहुण्याने दिली, असंही तो सांगे. 1978 मध्ये तो वारला, यंत्र अपुरंच राहिलं.

चुंबकीय स्पंदनं मात्र सरसकट थोतांड नव्हेत. न जुळणाऱ्या हाडाभोवती तारेची गुंडाळी बसवतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे हाडात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. या उपचाराला अमेरिकेत 1979 मध्ये मान्यता मिळाली, पण हाडापुरतीच. तिचा दाखला देऊन सुरकुत्या घालवणाऱ्या गाद्या विकणं ही उघड फसवणूक आहे. विक्रेत्याला जरूर विचारा, मान्यता नेमकी कशासाठी आहे?