महायुद्धकालीन प्रचारपटांची साधन-परीक्षा

कागदाची परीक्षा कशी करावी हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको. कागद अस्सल कीं नक्कल, अक्षर कोणाचें, शिक्का कोठें, शक व मिति यांचा मेळ बसतो कीं नाहीं, लिहिणारा प्रत्यक्षदर्शी कीं ऐकीव सांगणारा, आणि मुख्यतः लिहविणारा कोण, एवढें पाहिल्यावांचून कोणी बखरींतील मजकूर प्रमाण धरीत नाहीं. परंतु तेच गृहस्थ पडद्यावर तोफा उडतांना आणि विमानें कोसळतांना पाहिलीं म्हणजे ही सगळी शिस्त बाजूस ठेवितात व "हें तर डोळ्यांनीं पाहिलें" असें म्हणूं लागतात. प्रस्तुत लेखकही बरींच वर्षें याच भ्रमांत होता. अलीकडे जुन्या दप्तरांबरोबर फिल्मचे डबेही संग्राहकांच्या हातीं येतात, आणि जुन्या वार्तापटांचे तुकडे तर आतां घरोघर पहावयास मिळतात. म्हणून दुसऱ्या महायुद्धांतील सरकारी प्रचारपट साधन या नात्यानें कसे पहावे, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम लिहविणारा कोण तें पाहूं. १९४० सालीं हिंदुस्थान सरकारनें फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड नांवाचें मंडळ मुंबईस स्थापिलें. त्याचे पहिले अध्यक्ष जे. बी. एच. वाडिया. विलायतेहून अलेक्झांडर शॉ यांस चित्रें काढण्यास आणविलें, आणि ते परत गेल्यावर कांहीं काळ व्ही. शांताराम हे मुख्य निर्माते होते. यावरून हीं माणसें सरकारची खुशमस्करी करीत होतीं असा निकाल देण्याची घाई कोणी करूं नये. वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या मताचे, आणि रॉय यांचा पक्ष नाझी व फॅसिस्ट सत्तांचा पाडाव हें पहिलें कर्तव्य मानणारा होता. म्हणजे एकाच पटांत सरकारचा हेतु एक, व करणाऱ्याचा हेतु दुसरा असूं शकतो. १९४३ सालीं या मंडळाच्या जागीं इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही संस्था व तिच्या जोडीस इंडियन न्यूज परेड हा वार्तापट सुरू झाला. त्याच वर्षीं हिंदुस्थान संरक्षण नियमांत ४४-अ हें कलम घालून प्रत्येक खेळांत सरकारमान्य फिल्म सुमारें २,००० फूट दाखविण्याची सक्ति चित्रगृहांवर केली, आणि तिचें भाडेंही चित्रगृहवाल्याकडूनच घेतलें. बोलपटाच्या वेगानें मिनिटास ९० फूट फिल्म सरते. म्हणजे २,००० फूट हा बावीस मिनिटांचा ऐवज झाला. हे पट इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तमिळ व तेलुगु या भाषांतून निघत. मराठी त्यांत नव्हती. मराठी प्रेक्षकाला साम्राज्याचें म्हणणें हिंदुस्थानींतून ऐकावें लागे, ही गोष्ट प्रचाराच्या परिणामाचा विचार करतांना विसरून चालणार नाहीं.

आतां हें कलम लागू कोठें होतें? या प्रश्नाचें महत्त्व कळावें म्हणून कुरुंद्याचें उदाहरण घेतों. कुरुंदा हें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत, वसमत तालुक्यांत आहे, कै. नरहर कुरुंदकर यांच्या आडनांवामुळें तें वाचकांस परिचित असेल. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं निराळा झाला. महायुद्धाच्या काळीं कुरुंदा परभणी जिल्ह्यांत, म्हणजे निजामाच्या राज्यांत होतें, आणि ४४-अ कलम ब्रिटिश हिंदुस्थानचें. कुरुंद्याहून उत्तरेस गेलें कीं पैनगंगा लागते, आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडची कथा आपल्या वाचकांस ठाऊकच आहे: मालकी निजामाची व अंमल इंग्रजांचा, हा १८५३ पासूनचा घोळ १९०२ च्या कायम पट्ट्यानेंही पुरता मिटला नाहीं. परंतु व्यवहारांत कायदा चाले तो इंग्रजी. सारांश, पुसदच्या चित्रगृहावर सक्ति, आणि परभणीच्या चित्रगृहावर ती सक्ति नाहीं. "युद्धकाळांत सर्व हिंदुस्थानानें हे पट पाहिले" असें विधान जेथें आढळेल, तेथें पैनगंगेची आठवण ठेवावी. निजामसरकार युद्धाविषयीं उदासीन होतें असा मात्र याचा अर्थ नव्हे. ब्रिटिश हवाईदलाच्या ११०, १५२ व २५३ या क्रमांकांच्या तुकड्यांस हैदराबादचें नांव होतें तें निजामानें दिलेल्या द्रव्यामुळेंच. रयतेचा पैसा युद्धास गेला. प्रचाराची सक्ति तेवढी नदीपलीकडे राहिली.

फिल्म हातीं आल्यास चित्र पाहण्यापूर्वीं तिची कड पहावी. कागदावरील गिरणीच्या पाणछापावरून जसा आपण काळ ठरवितों, तसा कोडॅकच्या फिल्मवर कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, व त्यांवरून फिल्म तयार झाल्याचें वर्ष लागतें. या खुणा वीस वर्षांनीं पुन्हा फिरून येतात. तेव्हां केवळ त्यांवर विसंबून १९२३ ची फिल्म १९४३ ची ठरवूं नये. शिवाय ही खूण सांगते ती त्या प्रतीच्या फिल्मचें वय, मूळ चित्रणाचें नव्हे. कड नायट्रेट म्हणते कीं सेफ्टी म्हणते हेंही पहावें, कारण हा प्रश्न केवळ विद्येचा नाहीं. नायट्रेटची फिल्म कापसी दारूच्या जातीची. एकदां पेटली म्हणजे पाण्यानें विझत नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेटच्या कोठारास आग लागली, आणि तींत जीं रिळें गेलीं त्यांतील कित्येकांची दुसरी प्रत उरली नाहीं. ज्यांच्या घरीं असा डबा असेल त्यांनीं तो पोथ्यांच्या कपाटांत क्षणभरही ठेवूं नये, व घरच्या यंत्रावर चालवूनही पाहूं नये. जाणत्या संग्रहालयाशीं पत्रव्यवहार करावा.

लांबीचीही नोंद घ्यावी. कच्ची फिल्म सगळी परदेशांतून येई, आणि युद्धामुळें तिचा तुटवडा पडतांच सरकारनें कथापटास ११,००० फुटांची मर्यादा घातली. १९४३ नंतरच्या पटाचा आटोपशीरपणा पाहून एखादा रसिक दिग्दर्शकाच्या संयमाची वाखाणणी करील. त्याचें श्रेय पुष्कळ वेळां परवाना देणाऱ्या कारकुनाकडे जातें.

आतां प्रत्यक्ष चित्राकडे वळूं. १९१६ सालीं ब्रिटनमध्यें 'बॅटल ऑफ द सोम' हा युद्धपट दाखविला गेला. जेफ्री मॅलिन्स व जे. बी. मॅक्डॉवेल यांनीं त्यांतील बराच भाग खरोखरच रणभूमीवर घेतला होता. परंतु शिपाई खंदकांतून वर चढतात व त्यांतला एक घसरून परत खालीं येतो, हें जें सर्वांत प्रसिद्ध दृश्य, तें पिछाडीच्या शिक्षणकेंद्रांत मुद्दाम करवून घेतलेलें होतें. आज पहिल्या महायुद्धावरील किती तरी पटांत तोच तुकडा मरणाचा साक्षात् पुरावा म्हणून येतो. म्हणून बाकीचा पट खोटा ठरत नाहीं. बखरींत एक प्रसंग रचलेला निघाला म्हणून आपण सबंध बखर फेकून देत नाहीं. प्रश्न इतकाच विचारावा कीं, यंत्र घेऊन मनुष्य ज्या जागीं उभा दिसतो तेथें त्याला गोळ्या चालू असतां उभें राहतां आलें असतें काय? शत्रूच्या बाजूनें घेतलेलें चित्र आपल्या वार्तापटांत आलें कसें? चित्राबरोबरचा आवाज तर त्या काळीं बहुधा मागाहून भरलेला. एकाच चित्रावर दोन निवेदनें चढविलीं तर तीं दोन निरनिराळीं साधनें समजावीं.

आपल्या प्रेमाच्या विषयांतही हीच कसोटी लावावी लागते, व तेथें ती जड जाते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांचीं पूर्व आशियांतील जीं चलच्चित्रें आपण भक्तीनें पाहतों, त्यांतील पुष्कळ जपानी वार्तापटकारांनीं घेतलेलीं आहेत. नोव्हेंबर १९४३ मध्यें टोकियोस पूर्व आशियाई राष्ट्रांची परिषद भरली, तिला नेताजी निरीक्षक म्हणून हजर होते. जपान आशियाचा मुक्तिदाता आहे हें जगास दाखविण्यासाठींच त्या परिषदेचें चित्रण झालें. नेताजींची निष्ठा याहून वेगळी व स्वतंत्र होती. पण यंत्र कोठें ठेवावें तें त्यांच्या हातीं नव्हतें.

एकाच पटाचे हेतु किती वेळां पालटतात याचा उत्तम दाखला मराठी माणसाचाच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून गेले, आठव्या मार्ग-सेनेबरोबर राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच वारले. युद्धकाळीं सरकार युद्धप्रयत्नास उपकारक कथा मागत होतें. चीन दोस्त राष्ट्र, जपान शत्रु. तेव्हां ही कथा त्या मागणींत बसली. शांतारामांनीं राजकमलतर्फे ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट काढला व नायकाचें काम स्वतः केलें. पण पथक धाडणारी संस्था काँग्रेस, जिचे पुढारी १९४२ पासून तुरुंगांत! एकाच कथेच्या योगें सरकारची अट पुरी झाली, आणि प्रेक्षकास राष्ट्रीय त्यागाची गाथा मिळाली. पट १९४६ सालीं बाहेर पडला तेव्हां युद्ध संपलेंही होतें. चित्रपटांत भर आहे तो प्लेगच्या साथीशीं झुंजण्यावर. प्रत्यक्षांत डॉक्टरांचा अंत अपस्माराच्या झटक्यांनीं झाला.

पुढची हकीकत याहून विलक्षण आहे. या पटाची इंग्रजी आवृत्ति परदेशीं गेली, आणि १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत त्याचेंच रूपांतर 'नाइटमेअर इन रेड चायना' या नांवानें, साम्यवादी चीनच्या विरुद्ध भय उत्पन्न करण्यासाठीं दाखविलें गेलें. डॉ. कोटणीस स्वतः मृत्यूपूर्वीं कांहीं महिने चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते! मूळ चित्रें तींच, माणसें तींच. काटछांट आणि निवेदन यांनीं साक्ष उलटविली. ज्याच्या हातीं केवळ ती अमेरिकन प्रत पडेल त्याची काय अवस्था होईल, याची कल्पना पाठभेदांशीं झगडणाऱ्यांनींच करावी.

प्रेक्षकानें काय ग्रहण केलें हें फिल्मवरून मुळींच कळत नाहीं. बॉम्बे टॉकीजच्या 'किस्मत' (१९४३) या बोलपटांतील कवि प्रदीप यांचें परकीयांस दूर हटविणारें गीत परीक्षणांतून सुटलें, कारण त्यांत जर्मन व जपानी यांचीं नांवें होतीं. 'चले जाव'च्या ठरावास तेव्हां वर्षही लोटलें नव्हतें. लोकांनीं त्यांतून इंग्रजास उद्देशून असलेला अर्थ घेतला. हें आपणांस समजतें तें गीताच्या शब्दांवरून नव्हे, तर बाहेरच्या साक्षींवरून.

१९४६ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळानें इन्फर्मेशन फिल्म्सचा पैसा तोडला, व ती संस्था बंद पडली. परिणामीं १५ ऑगस्ट १९४७ रोजीं सरकारपाशीं स्वतःचें चित्रण-पथक नव्हतें. १९४८ सालीं फिल्म्स डिव्हिजन निघालें, आणि ज्या सक्तीस राष्ट्रीय सभासदांनीं परकीय म्हणून नांवें ठेविलीं होतीं तीच चित्रगृहांच्या परवान्याची अट होऊन परत आली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. कायद्याच्या दृष्टीनें पाहतां कुरुंद्याच्या मुलखास सरकारी वार्तापटाची सक्ति लागली ती अशी, स्वराज्यांत. सैन्य, रणगाडे व विमानें यांनिशीं झालेल्या त्या मोहिमेस 'पोलिस कारवाई' हें नांव सरकारनें दिलें, आणि आपण सर्व तेंच वापरतों. त्या दिवसांतील पट पाहतांना पंडित सुंदरलाल यांच्या समितीचा अहवालही जवळ असावा. या मुलखांत त्या कारवाईनंतर झालेल्या हत्यांविषयीं तींत जें आहे, तें विजयाच्या चित्रणांतून कळत नाहीं.

राहिला पूरक कागदांचा प्रश्न. चित्रगृहांचे परवाने, करमणूक-कराच्या वह्या, फिरत्या सिनेमाच्या गाड्यांस दिलेल्या परवानग्या आणि जाहिरातीचे कागद हीं या पटांचीं खरीं जोडपत्रें होत. पैनगंगेच्या उत्तरेस तीं इंग्रजी व मराठींत शोधावीं. दक्षिणेस मात्र दरबारची भाषा उर्दू होती. परभणीकडील जुन्या घरांत अशा कागदांचा गठ्ठा आढळल्यास, मोडी नाहीं म्हणून तो रद्दींत घालूं नये, आणि शिकस्ता वाचणारा मनुष्य मिळेपर्यंत त्याची दोरीही सोडूं नये.