एक फसवी संख्या

तीन-चार उदाहरणे फळ्यावर सोडवायची आणि 'म्हणून नियम असा' असे म्हणून पुढे जायचे, ही सवय आपल्यापैकी बहुतेकांना आहे. ती कशी अंगाशी येते हे ४,२९,४९,६७,२९७ या संख्येकडे पाहून कळते. तिने फसवले ते फर्मासारख्या गणितज्ञाला.

२ चा घात घ्यावा, घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत न्यावा आणि प्रत्येक उत्तरात १ मिळवावा. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. पाचही मूळ संख्या! या मालिकेतली प्रत्येक संख्या मूळच असणार, असे फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांतून कळवले. सिद्धता मात्र त्याला सापडली नव्हती. पुढचा घातांक ३२. त्यातून मिळते ती आपली वरची संख्या.

तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले. भागाकार येतो ६७,००,४१७. तोही मूळ संख्या आहे. आता ६४१ च्या आधी ११५ मूळ संख्या आहेत. त्या सगळ्यांनी भागून पाहायचे का? तशी गरज नाही. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या एखाद्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. ही अट लावली की १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्याच संख्या तपासाव्या लागतात आणि पाचवी येते ती ६४१.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे पटवता येते. आठवी-नववीच्या वर्गात अवश्य करून पाहावे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ धरता येईल. दोन्हींचा चौथा घात करू. ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. पण ६२५ म्हणजे ६४१ − १६, तेव्हा बाकीच्या हिशेबात ६२५ ऐवजी −१६ लिहिले तरी चालते. १६ हा २ चा चौथा घात. म्हणजे उणे (२ चा ३२ वा घात) याची बाकी १ आली. तेव्हा २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की बाकी शून्य!

संख्येचे बिंग आणखी एका वाटेने फुटते. ती ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही आहे. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आली, तर ती एकाच तऱ्हेने मांडता येते.

आम्हाला मोठी गंमत वाटते ती वेगळीच. संख्या मूळ असेल, तर २ चा तितकावा घात करून त्यातून २ वजा केल्यास उत्तराला त्या संख्येने भाग जातो, हा फर्माचाच नियम. ही संयुक्त संख्या त्या कसोटीला बिनबोभाट उतरते! २ च्या जागी ३ घेतले की मगच सोंग उघडे पडते.

६५,५३७ नंतर या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही.