मशीन बिघडलेलं आलं, पैसे परत कसे मागायचे?

आज वही-पेन जवळ घेऊन बसा. भाकरी थापायची असेल तर घरातल्या शाळकरी पोरीला लिहायला बसवा. मोबाइलवरून मागवलेली वस्तू खराब निघाली, तर पैसे परत कसे मागायचे, ते आज आम्ही सांगणार आहोत. हे आमच्याच गटात घडलेलं आहे. त्यात आमच्याही चुका झाल्या, त्याही सांगतो, म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

आमच्या गटातल्या एका ताईंनी माघ महिन्यात शेवयांचं मशीन मागवलं. उन्हाळ्यात शेवया-कुरडयांची कामं निघतात, गावातल्या बायका गहू भिजवून आणून देतात, किलोमागे चार पैसे सुटतात, असा हिशेब होता. मशीन ९,४०० रुपयांचं. त्यासाठी गटातून दहा हजारांचं कर्ज घेतलं, दरमहा शेकडा दोन व्याजानं. ताईंचा मोबाइल साधा, म्हणून पुतण्याच्या मोबाइलवरून मागवलं आणि पैसेही त्याच्याच खात्यातून आधी भरले.

मशीन आलं, पूजा झाली. दुसऱ्या दिवशी दोन किलो पीठ काढलं आणि मोटारीतून जळका वास आला. मशीन बंद पडलं ते पडलंच.

ताईंनी घरात सांगितलं, तर ऐकावं लागलं, "कुणी सांगितलं होतं न बघता घ्यायला?" त्या गप्प बसल्या. गटातही बोलल्या नाहीत. मासिक बैठकीत हप्ता भरताना डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आम्हाला कळलं. तोवर तीन आठवडे गेले होते. पुतण्यानं मोबाइलवर पाहिलं, तर 'परत करण्याची मुदत संपली' असं लिहून आलं. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या, गेले पैसे."

मैत्रिणींनो, इथंच आपण फसतो. ॲपवर सात दिवसांची किंवा दहा दिवसांची मुदत असते, ती त्या कंपनीची सोय आहे. कायदा तेवढ्यावर संपत नाही. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. ऑनलाइन खरेदीसाठी त्याखाली त्याच महिन्यात वेगळे नियमही आले. त्या नियमांप्रमाणे वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितली तशी नसेल, तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. ॲपची मुदत गेली तरी तक्रार करता येते. अर्थात उशीर जितका होईल, तितकं दोष आधीपासूनच होता हे पटवून देणं अवघड जातं. म्हणून वस्तू बिघडली त्याच दिवशी हालचाल करा.

आता पायऱ्या लिहून घ्या.

पहिली पायरी, पुरावा. पार्सल आलं की घाईनं फाडू नका. घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. खोक्यावरचा पत्ता आणि नंबर दिसू द्या, मग उघडा. असं चित्रीकरण करायलाच हवं असं कायदा म्हणत नाही, पण वाद झाला की तेच कामी येतं. खोकं, बिल, वॉरंटीचं कार्ड जपून ठेवा. आमच्या ताईंनी खोक्यात कोंबडी उबवायला बसवली होती! तिला उठवून खोकं पुसून घ्यावं लागलं. बिघाड दिसला की त्याचंही चित्रीकरण करा आणि मशीन खोलू नका. गावातल्या मेकॅनिकनं एकदा खोललं की विकणारा म्हणतो, तुम्हीच बिघडवलं.

आणखी एक. मागवण्याआधी त्या जाहिरातीचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंतर जाहिरात बदलते किंवा गायब होते.

दुसरी पायरी, लेखी तक्रार. फोनवर नुसतं बोलून काही हाती राहत नाही. ॲपमध्ये जिथं आपली ऑर्डर दिसते, तिथंच 'मदत' किंवा 'हेल्प' असतं. तिथं लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. ताईंच्या वतीनं आम्ही असं लिहिलं होतं, उतरवून घ्या:

'अमुक तारखेला, अमुक ऑर्डर नंबरनं शेवयांचं मशीन ९,४०० रुपयांना घेतलं. अमुक तारखेला मिळालं. दुसऱ्याच दिवशी मोटार जळून बंद पडलं. बिल, फोटो आणि चित्रीकरण जोडलं आहे. मशीन परत न्यावं आणि पूर्ण पैसे परत द्यावेत. उत्तर लेखी द्यावं.'

बस्स, एवढंच. शिव्याशाप नकोत, रडगाणं नको. काय घेतलं, कधी घेतलं, काय बिघडलं आणि आपल्याला काय हवं, या चार गोष्टी आल्या की झालं. पैसे हवेत की बदली वस्तू हवी, ते स्पष्ट लिहा. तक्रार केली की एक तक्रार क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. प्रत्येक ऑनलाइन कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क ॲपवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच त्यानं ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्यात निकाल लावायचा असतो.

इथं एक धोक्याची सूचना. कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका. ताईंच्या पुतण्यानं तसाच एक नंबर शोधून फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला आणि म्हणाला, "एक ॲप घ्या आणि आलेला ओटीपी सांगा, पैसे लगेच जमा करतो." पोरगं हुशार, त्यानं फोन ठेवला. लक्षात ठेवा, पैसे आपल्याकडे यायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. पिन लागतो तो आपले पैसे जायला. कुणी फसवलंच, तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा. तो सायबर फसवणुकीसाठी आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तर आमच्या तक्रारीला उत्तर आलं: 'मशीन घरगुती वापरासाठी आहे. तुम्ही धंद्यासाठी वापरलं, म्हणून पैसे मिळणार नाहीत.' ताई पुन्हा खचल्या. पण जाहिरात आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर आलेली होती, ती कुणी पुसलेली नव्हती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'महिलांच्या लघुउद्योगासाठी उत्तम'.

हा मुद्दा गटातल्या प्रत्येकीनं पाठ करावा असा आहे. वस्तू व्यापारासाठी घेतली तर ग्राहक म्हणून तक्रार चालत नाही, हे खरं. पण त्याच कायद्यात पुढं म्हटलं आहे की, स्वयंरोजगार करून फक्त स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारात धरायची नाही. शिलाई मशीन, शेवयांचं मशीन, घरगुती गिरणी घेऊन जी बाई स्वतः राबते, ती ग्राहकच आहे. तक्रारीत तसं स्वच्छ लिहा: 'मी स्वतः चालवून उदरनिर्वाहासाठी घेतलं.'

आणि बिल दुसऱ्याच्या नावावर असेल तर? घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणारासुद्धा कायद्यानं ग्राहकच असतो. तरीही ज्याच्या नावानं ऑर्डर आहे त्याच्याच नावानं तक्रार केलेली सोपी पडते. आम्ही पुतण्याच्या नावानं केली.

तिसरी पायरी, राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी. नंबर १९१५. एक, नऊ, एक, पाच. मराठीत बोलता येतं. व्हॉट्सॲपवर करायचं असेल तर नंबर ८८००० ०१९१५. फोन करताना बिल, ऑर्डर नंबर आणि कंपनीचं उत्तर समोर ठेवा. ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि पाठपुरावा करतात. मात्र ते न्यायालय नाही, हुकूम काढू शकत नाहीत. तरी बऱ्याचदा इथं काम होतं.

आमचं इथंच झालं. जाहिरातीचा फोटो पाठवला आणि सोळाव्या दिवशी कंपनीचा निरोप आला, मशीन न्यायला माणूस येतो आहे. मशीन देण्याआधी आम्ही त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि नेल्याची पोच घेतली. पुढं आठ दिवसांत ९,४०० रुपये पुतण्याच्या खात्यात जमा झाले. ते ताईंनी गटात भरले आणि कर्जाच्या वहीत तशी नोंद झाली.

समजा तिथंही झालं नसतं, तर चौथी पायरी होती जिल्हा ग्राहक आयोग. तो तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावायलाच हवा असं नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. १९१५ ला फोन केला म्हणून ही दोन वर्षं थांबत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. वस्तूच्या पैशांबरोबर झालेल्या त्रासाची भरपाईही तिथं मागता येते.

काही जणी विचारतात, मोबाइलवर बोली लावून, लिलावात वस्तू घेतली तर? विकणारा व्यापारी असेल तर सांगितलेल्या वर्णनासारखीच वस्तू मिळाली पाहिजे. पण लिलावात बहुतेक वेळा 'जसं आहे तसं' अशी अट असते. म्हणजे जो दोष त्यांनी आधीच सांगितला, त्याबद्दल मागून भांडता येत नाही. म्हणून बोली लावण्याआधी अटी कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि कुणा अनोळखी माणसाची जुनी वस्तू ॲपवर बघून घेणार असाल, तर तो दुकानदार नसतो, त्याच्या मागं जाणं फार अवघड. वस्तू डोळ्यांनी बघून, चालवून मगच पैसे द्या. आधी पैसे पाठवू नका.

पैसे मिळाले, पण ताईंचा अर्धा हंगाम गेला तो गेलाच. पहिले तीन आठवडे त्या लाजेपोटी गप्प होत्या, ते वाचले असते तर चैत्रातली कामं हातात आली असती. आम्हीही कर्ज देताना 'वस्तू आली का, चालते का' हे विचारलं नव्हतं. आता आमच्या गटात नियम केला आहे. कर्जातून वस्तू घेतली की आठ दिवसांच्या आत दोघी जणी जाऊन ती चालवून बघतात आणि बिलाची प्रत गटाच्या फायलीत लागते.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. वहीच्या पहिल्या पानावर १९१५ आणि १९३० हे दोन नंबर लिहा. मग प्रत्येकीला विचारा, "घरात मागवलेली एखादी वस्तू बंद पडून कोपऱ्यात ठेवली आहे का?" एखादी तरी हळूच मान हलवेल. तिला हसू नका. तिचं बिल शोधा आणि तिथंच बसून तक्रार लिहा.