फॉरमॅट मारण्याआधी
जुन्या घरगुती पीसीच्या सेटिंग्ज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी शेजारच्या काकांनी हाक मारली. काका मंडीदीपच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. घरात विंडोज ७ असलेला जुना पीसी, त्याच्यावर काकूंनी शिवलेलं कापडी आवरण. पेनड्राइव्ह लावल्यापासून पीसी विचित्र वागत होता, म्हणून काकांनी रजिस्ट्री एडिटर उघडून पाहिला. एडिटरऐवजी एक चौकट आली: 'रजिस्ट्री एडिटिंग हॅज बीन डिसेबल्ड बाय युवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. काका म्हणाले, "अरे, या घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच. मी कधी बंद केलं?"

दुकानदाराने फोनवरच सांगून टाकलं होतं, "फॉर्मेट करना पड़ेगा." त्या पीसीत मुलीच्या लग्नाचे फोटो होते, पेन्शनच्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या, आणि काकूंनी बसून टाइप केलेला ओव्यांचा संग्रह होता. यातल्या कशाचाच बॅकअप नव्हता.

फॉरमॅटची गरज पडली नाही. बिघाड एका नोंदीत होता आणि ती नोंद काढता आली. भोपाळहून नर्मदापुरमच्या रस्त्याला लागल्यावर येणाऱ्या मंडीदीप या औद्योगिक गावात जुने पीसी अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या सेटिंग्जबद्दलचे गैरसमजही तितकेच आहेत, आणि त्यांची किंमत फोटो आणि कागदपत्रं गमावून चुकवावी लागते.

गैरसमज १: सिस्टिमचा एडिटर उघडत नाही, म्हणजे विंडोज गेलं.

वस्तुस्थिती: आधी रजिस्ट्री म्हणजे काय ते पाहू. आपल्या कारखान्यांत शिफ्ट संपताना रजिस्टर भरतात: कोणतं मशीन बंद आहे, कोणता व्हॉल्व्ह किती उघडा ठेवला आहे. पुढची शिफ्ट ते वाचून कामाला लागते. विंडोजचं असं रजिस्टर म्हणजे रजिस्ट्री. पूर्वी या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत विखुरलेल्या असत. 'सिसएडिट' नावाचा सिस्टिम एडिटर ऑटोएक्झेक, कॉन्फिग, विन आणि सिस्टिम या चार फाइली एकदम उघडून द्यायचा. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि बहुतेक नोंदी रजिस्ट्रीत गेल्या. सिसएडिट हा १६-बिट प्रोग्रॅम असल्यामुळे ६४-बिट विंडोजमध्ये तो नसतोच. तो सापडला नाही म्हणून घाबरू नका. विंडोजच्या 'होम' आवृत्तीत 'जीपीएडिट' हा ग्रुप पॉलिसी एडिटरही मुळात दिलेला नसतो.

काकांच्या चौकटीतला 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' हा कुणी माणूस नव्हता. रजिस्ट्रीत 'डिसेबल रजिस्ट्री टूल्स' नावाची एक नोंद असते. तिची किंमत १ झाली की एडिटरला कुलूप लागतं. कार्यालयांच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था पेनड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसांनी भरपूर वापरली, कारण एडिटर बंद असला की व्हायरसने केलेल्या नोंदी मालकाला दिसत नाहीत. टास्क मॅनेजर आणि फोल्डर ऑप्शन्सही ते याच पद्धतीने बंद करत.

महत्त्वाची गोष्ट अशी की ही नोंद त्या एका वापरकर्त्याच्या वहीत असते. विंडोजमध्ये प्रत्येक खात्याची 'एनटीयूजर डॉट डॅट' ही स्वतंत्र फाइल असते. म्हणून आम्ही अँटिव्हायरसने आधी पीसी तपासला आणि मग कंट्रोल पॅनेलमधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दर्जाचं नवीन खातं उघडलं. त्या खात्यात एडिटर लगेच उघडला, म्हणजे विंडोज शाबूत होतं. काकांचं खातं लॉग ऑफ करून नव्या खात्यातल्या एडिटरमध्ये 'एचकी यूजर्स' निवडलं आणि 'लोड हाइव्ह'ने काकांची फाइल जोडली. मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिम अशा पायऱ्या उतरून ती एक नोंद पुसली आणि 'अनलोड हाइव्ह' केलं. हे स्वतः जमणार नसेल, तर जाणकाराला निदान "फॉरमॅट नको, आधी दुसऱ्या खात्यातून बघा" एवढं जरूर सांगा.

गैरसमज २: व्हायरस काढला की सेटिंग्ज आपोआप पूर्ववत होतात.

वस्तुस्थिती: चोर पकडला म्हणून त्याने लावलेलं कुलूप उघडत नाही. अँटिव्हायरसचं मुख्य काम घातक फाइल ओळखून काढणं हे आहे. व्हायरसने बदललेल्या काही नोंदी तो सुधारतो, पण सगळ्या सुधारेलच असं नाही. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी पुढे 'क्विक हील' उभं केलं. दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या व्हायरसग्रस्त मशीनांतूनच त्या कामाची गरज पुढे आली होती. अँटिव्हायरस कोणताही असो, सफाईनंतर काय काय अजून बंद आहे ते एकेक करून आपणच तपासायचं.

गैरसमज ३: रजिस्ट्री क्लीनर चालवला की जुना पीसी पळायला लागतो.

वस्तुस्थिती: रजिस्टर जाड झालं म्हणून कुणी त्याची पानं फाडत नाही. विंडोज रजिस्ट्री पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, हवी ती नोंद थेट उघडतं. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या काही रिकाम्या नोंदी राहिल्या तरी वेगात जाणवेल असा फरक पडत नाही. उलट क्लीनरने कामाची नोंद पुसली तर प्रिंटर किंवा एखादा प्रोग्रॅम बंद पडतो. रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेलं आहे.

पीसी संथ होण्याची खरी कारणं बहुधा तीन: सुरू होताना उघडणारे नको ते प्रोग्रॅम, अपुरी रॅम आणि थकलेली फिरती हार्ड डिस्क. विंडोज ७ च्या काळातल्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये साटा एसएसडी बसते. जुन्या पीसीसाठी खर्च करायचाच असेल तर तो तिच्यावर करा.

गैरसमज ४: रजिस्ट्रीत चुकलं, तर सेव्ह न करता बाहेर पडू.

वस्तुस्थिती: रजिस्ट्री एडिटरला 'सेव्ह'चं बटण नाही आणि 'अनडू'ही नाही. बदल केला त्या क्षणी तो नोंदला जातो. म्हणून हात लावण्याआधी ज्या फोल्डरमध्ये बदल करायचा आहे त्यावर उजवं क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा. ती फाइल पुन्हा चालवली की बदललेल्या आणि पुसलेल्या नोंदी परत येतात. मात्र तुम्ही नव्याने घातलेली नोंद त्यामुळे जात नाही, ती हाताने काढावी लागते. म्हणून काय घातलं ते कागदावर लिहून ठेवा.

सिस्टिम रिस्टोअरबद्दलही अशीच भीती असते, की फोटो जातील. सिस्टिम रिस्टोअर रजिस्ट्री, सिस्टिमच्या फाइली आणि प्रोग्रॅम मागच्या तारखेला नेतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं जिथल्या तिथे राहतात. अर्थात, पुसलेले फोटोही त्याने परत येत नाहीत, तेव्हा त्याला बॅकअप समजू नका.

गैरसमज ५: 'एमएसकॉन्फिग' या विंडोजच्या सेटिंग्जच्या खिडकीत प्रोसेसरची संख्या वाढवली की वेग वाढतो.

वस्तुस्थिती: बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या त्या चौकटी मर्यादा घालण्यासाठी, म्हणजे चाचणीसाठी आहेत. खूण नसते तेव्हा विंडोज सगळे प्रोसेसर आणि वापरता येईल ती सगळी रॅम घेतंच. 'मॅक्झिमम मेमरी'वर चुकीचा आकडा पडला तर पीसी सुरूही होत नाही. दर वेळी सेफ मोडच उघडत असेल, तर याच खिडकीत 'सेफ बूट'ची खूण राहिली आहे का ते बघा. आणि ४ जीबी रॅम असून ३ जीबीच्या आसपास दिसत असेल, तर तुमचं विंडोज बहुधा ३२-बिट आहे. ती त्याची मर्यादा आहे, रॅम खराब झालेली नाही.

गैरसमज ६: तारीख सारखी मागे जाते, हा व्हायरस आहे.

वस्तुस्थिती: मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा सेल असतो, बहुधा सीआर२०३२. पीसी बंद असताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की तारीख मागे जाते. बँकेची किंवा वीजबिलाची साइट धोक्याची सूचना देते ती यामुळेही, कारण साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत ब्राउझर पीसीच्या तारखेशी ताडून पाहतो.

इथे एक गोष्ट दुकानातही निसटते. सेल गेला की काही मदरबोर्डांच्या बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधल्या, सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा होतात. त्यात डिस्कची 'एएचसीआय' किंवा 'आयडीई' पद्धत बदलली, तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं आणि शेवटी ७बी हा आकडा दाखवतं. डिस्कमधलं सगळं जागेवर असतं. बायोसमध्ये जाऊन पूर्वीची पद्धत निवडली की विंडोज उघडतं.

गैरसमज ७: मराठी अक्षरं फुटली, म्हणजे फाइल खराब झाली.

वस्तुस्थिती: आपल्या घरांना हा प्रश्न सर्वांत जवळचा. विंडोज एक्सपीवर वेलांटी अक्षरापासून सुटी पडलेली दिसत असेल, तर गुंतागुंतीच्या लिप्यांचा आधार चालू केलेला नाही. 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये 'लँग्वेजेस' या पानावर त्याची चौकट आहे, आणि त्यासाठी एक्सपीची सीडी लागते. विंडोज ७ मध्ये हा आधार मुळातच असतो.

काकूंच्या ओव्यांची गोष्ट वेगळी होती. त्या फाइलीत सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि खुणांची खिचडी दिसत होती. मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये संगणक इंग्रजी अक्षरांच्याच जागा साठवतो आणि त्यांवर देवनागरीचं चित्र फॉन्ट चढवतो. फॉन्ट नसला की खालचं रोमन उघडं पडतं. तोच फॉन्ट पुन्हा बसवला आणि पहिली ओवी पडद्यावर उमटली. काकू खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. नंतर कन्व्हर्टरने सगळा संग्रह युनिकोडमध्ये नेला. रफार आणि जोडाक्षरं अशा रूपांतरात चुकतात, म्हणून काकूंनी ओळन् ओळ तपासली.

मग काय करायचं?

क्रम लक्षात ठेवा. पहिल्यांदा फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. विंडोज उघडत नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावूनही ते होतं. मग आलेली सूचना शब्दशः लिहून घ्या. तारीख बघा, व्हायरस तपासा, दुसऱ्या खात्यातून आणि सेफ मोडमधून उघडून बघा. त्यानंतर सिस्टिम रिस्टोअर. हे सगळं करून भागलं नाही, तरच फॉरमॅट.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सेटिंग्ज दुरुस्त झाल्या म्हणजे पीसी सुरक्षित झाला असं नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक्सपी किंवा ७ असलेल्या पीसीवर लिहा, वाचा, फोटो बघा, पण बँकेचे व्यवहार करू नका.

काकांच्या पीसीशेजारी आता एक शंभर पानी वही असते. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात तारीख आहे, सूचनेची ओळ आहे आणि काय बदललं ते आहे. आयुष्यभर शिफ्टचं रजिस्टर भरलेल्या माणसाला ही सवय वेगळी शिकवावी लागली नाही. तुमच्या पीसीशेजारीही अशी वही ठेवा.