खटकन चिकटणारे जॉय-कॉन

निन्टेंडोचा ‘स्विच २’ हा गेम कन्सोल ५ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि पहिल्या चार दिवसांतच जगभरात ३५ लाखांहून अधिक खपला. हातात घेताच नजर जाते ती ७.९ इंची पडद्यावर. पहिल्या स्विचचा पडदा ६.२ इंचांचा होता.

खरी कमाल मात्र दोन्ही बाजूंच्या जॉय-कॉन कंट्रोलरची. पूर्वी ते खाचेत सरकवावे लागत, आता चुंबकामुळे खटकन चिकटतात. सुटा जॉय-कॉन टेबलावर कडेवर उभा धरून सरकवला, की त्याचा माऊस होतो! अशी कल्पना निन्टेंडोलाच सुचावी.

बॅटरी तेवढी निराश करते. कंपनीच्याच अंदाजाप्रमाणे ती २ ते साडेसहा तास चालते. म्हणजे भारी गेम लावला की चार्जर जवळ हवाच. ओएलईडी स्विचचा गडद काळा रंग पाहिलेल्यांना इथला एलसीडी पडदा जरा फिकाही वाटेल.

जुन्या स्विचचे बहुतेक गेम यावर चालतात, हा मोठाच दिलासा.