हंगामापूर्वी ट्रॅक्टरचे वायरिंग : थोडक्या खर्चात करायचे काम



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण ट्रॅक्टरचे ऑईल बदलतो, टायर बघतो, ट्रॉलीचा हुक आणि पिन तपासतो. बॉनेट उचलून वायरी मात्र फारसे कोणी बघत नाही. सेल्फ मारला की इंजिन सुरू होते, दिवे लागतात, मग झाले, असा आपला हिशोब असतो.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. रात्रीच्या वेळी यार्डात रांगेत उभ्या असलेल्या एका भरल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटमधून धूर येऊ लागला. इंजिन बंद, किल्ली ड्रायव्हरच्या खिशात, आणि ड्रायव्हर चार हातांवर चहा पीत बसलेला. शेजारच्या गाडीवाल्याने पान्हा घेऊन बॅटरीची वायर सोडवली आणि दोघातिघांनी माती टाकली, म्हणून आग मागच्या उसापर्यंत पोचली नाही. वाळलेले पाचट पेटायला किती वेळ लागतो हे आपल्याला सांगायला नको. वायरिंग मात्र सगळे जळाले. ट्रॅक्टर आठ दिवस उभा, आणि शेतात तोडलेला ऊस वाळत पडला. वजन घटले ते ऊसमालकाचे.

बंद गाडी पेटली कशी, हा प्रश्न त्या रात्री सगळ्यांनी विचारला. उत्तर साधे आहे. किल्ली बंद केली म्हणजे बॅटरी बंद होत नसते. त्या गाडीला गाणी लावण्याचा टेप बसवलेला होता आणि त्याची वायर सरळ बॅटरीवरून घेतलेली होती, मध्ये फ्यूज नाही. ती बॅटरीच्या पत्र्याच्या कडेवर घासत होती. वरचे प्लॅस्टिक झिजले, तांबे पत्र्याला लागले आणि वायर लालबुंद झाली. बॅटरी १२ व्होल्टचीच, हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून आपण तिला भीत नाही. पण शॉर्ट झाल्यावर तीच बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह सोडते.

म्हणून पहिले काम फ्यूजचे. बऱ्याच जणांचा समज असतो की फ्यूज दिवा किंवा टेप वाचवण्यासाठी असतो. तसे नाही, फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे तो टेपजवळ नको, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघडा राहतो, तो जितका आखूड तितके बरे. फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून आणि तिच्यावर चालणाऱ्या वस्तूच्या गरजेवरून ठरवावा. ५५ वॅटचा एक हेडलाईट सुमारे साडेचार अँपिअर घेतो, दोन मिळून नऊ. त्याला १५ अँपिअरचा, निळ्या रंगाचा फ्यूज पुरतो. टेपला किंवा मोबाईल चार्जरला ५ किंवा १० अँपिअरचा पुष्कळ झाला. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो तक्रार सांगतो आहे असे समजावे. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून त्याचे तोंड बंद करणारे हुशार लोक आपल्याकडे आहेत. ही हुशारी महागात पडते.

रात्री जास्त उजेड पडावा म्हणून १०० वॅटचे बल्ब घालणारेही आहेत. दोन बल्ब मिळून सतरा अँपिअरच्या आसपास जातात. मूळची वायर आणि स्विच त्यासाठी केलेले नसतात, स्विच वितळतो. घालायचेच असतील तर रिले आणि जाड वायर घ्या, नाहीतर मूळ वॅटचेच बल्ब ठेवा.

आता आवराआवर. सुरुवातीला बॅटरीची अर्थची, म्हणजे उणे बाजूची वायर सोडावी, हातातली अंगठी-कडे काढून ठेवावे. आधी अधिक बाजू सोडायला गेले आणि पान्हा बॉडीला लागला तर ठिणगी उडते. जोडताना अर्थ सगळ्यात शेवटी.

वायरींचा गुंता दिसला की लगेच टेपने गुंडाळून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नका, दोष आत झाकला जातो. आधी प्रत्येक वायर हाताने चाचपत शेवटापर्यंत जावे. पिळून टेप लावलेले जोड उघडावेत, आत तांबे हिरवे पडलेले सापडेल. तो भाग कापून थिंबल दाबून बसवावी व वर गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह घालावी. इंजिनच्या उष्णतेने साध्या चिकटपट्टीचा गोंद पातळ होऊन ती सुटते. कुठे जात नाही अशी जुनी मेलेली वायर काढूनच टाकावी. नवीन वायर बारीक तारांची, गाडीसाठीचीच घ्यावी. घरच्या फिटिंगची एकतारी वायर हादऱ्याने आतल्या आत तुटते.

पावसाळाभर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असेल तर उंदरांनी कुरतडलेले बघा. बॅटरीखाली आणि बॉनेटच्या कोपऱ्यात पाचटाचे घरटे सापडले तर जवळची वायर सोललेली असणारच असे धरून चाला.

वायरींवर आवरण घालायला बाजारात चिरलेली नळीदार स्लीव्ह स्वस्त मिळते. तीही नको असेल तर ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची लॅटरल लांबीला चिरून वापरता येते. मडगार्डखाली आणि ट्रॉलीच्या चेसीला ती उत्तम चालते. चीर खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी निथळेल. मात्र सायलेन्सरच्या जवळ ती अजिबात नको, वितळते आणि पेटतेही. सायकलची ट्यूब ऑईल-डिझेलने फुगते, ती नको. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डपासून कोणतीही वायर वीतभर लांब असावी. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बुश हवाच. बांधायला काळ्या नायलॉन पट्ट्या घ्या, पांढऱ्या उन्हाने तडकतात. डिझेलच्या पाईपला वायर बांधू नये. बॉनेटमधल्या दिव्यांच्या वायरीला थोडी ढील ठेवा, नाहीतर बॉनेट उघडताना ताण बसून तिथेच तुटते.

सेल्फच्या जाड वायरीला बहुधा फ्यूज नसतो, म्हणून तिची काळजी सर्वांत जास्त. ती कुठेही घासता कामा नये. तिच्या टोकावर रबरी टोपी असावी.

दिवे मंद किंवा सेल्फ जड वाटला की लोक नवी बॅटरी आणतात. त्याआधी अर्थ बघा. बॅटरीची टर्मिनल्स कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, झाकणे घट्ट असू द्या, सोडा आत जाऊ नये. अर्थची वायर बॉडीला लागते तिथला रंग आणि गंज खरवडून बोल्ट आवळा, मग वर व्हॅसलीन लावा.

ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांचेही हेच. बहुतेक ट्रॉल्यांचा अर्थ हुकाच्या पिनमधून जातो. पिन ग्रीसने माखलेली, वर खड्ड्यातले हादरे, त्यामुळे दिवा मिणमिणतो किंवा विझतो, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात ऊस दिसत नाही. प्लगमधून अर्थची वेगळी वायर ट्रॉलीपर्यंत न्या. दोन ट्रॉल्या असतील तर दुसरीपर्यंतही न्या.

काम झाल्यावर सगळे दिवे लावून इंजिन वीस मिनिटे चालू ठेवा. मग इंजिन बंद करून प्रत्येक जोडाला आणि फ्यूजच्या डबीला हात लावून पाहा. जिथे चटका बसेल तो जोड पुन्हा उघडा.