बिऱ्हाड हलविताना मालाचा विमा

नोकरीत बदली झाली म्हणजे बिऱ्हाड हलवावे लागते. भांडीकुंडी, कपाट, गाद्या, सारे टेंपोत चढते. रोह्याहून पेण फार लांब नाही. पण ताडपत्री फाटकी असली, तर पावसाळ्यात तेवढ्या वाटेतही सामान भिजते.

समजा, धाटावच्या कारखान्यातील एक कामगार बदलीने पेणला आला. टेंपोतून उतरविताना बायकोचे शिवणयंत्र पडून मोडले. त्या यंत्रावर घराचा मीठमिरचीचा खर्च भागत होता. टेंपोवाला म्हणतो, "विमा कंपनीला विचारा." विमा कंपनी म्हणते, "आमचा विमा गाडीचा, मालाचा नव्हे." कारखाना म्हणतो, "आम्ही भाडे दिले, आमचे काम संपले." मग त्या कामगाराने जावे कुठे?

आम्ही सांगतो ते ध्यानात ठेवा. गाडीचा विमा वेगळा आणि मालाचा विमा वेगळा. वाहतूकदाराने विम्याचे पैसे घेतले, तर विम्याचा कागद मागून घ्या. त्यावर आपले नाव, सामानाची किंमत आणि तारीख वाचून पाहा. "विमा आहे हो," एवढ्या बोलण्यावर विसंबू नका. नुकसान झाल्यास कारखाना काय देणार, तेही आधीच लेखी विचारा.

सामान चढविण्यापूर्वी यादी करा. मोबाइलवर फोटो काढा. पोचल्यावर सामान तपासा, मगच पावतीवर सही करा. काही मोडले असेल, तर पावतीवर तसे लिहा. मोडकी वस्तू फेकू नका. विमा कंपनीचा माणूस ती पाहायला येतो.

विमा नसला तरी हक्क बुडत नाही. रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा २००७ सालचा आहे. भाड्याने सर्वांचा माल नेणाऱ्याच्या ताब्यात नुकसान झाले, तर त्याचा हलगर्जीपणा आपल्याला सिद्ध करावा लागत नाही. मात्र माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस दिली पाहिजे.

तरीही दाद लागली नाही, तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विमा कंपनीने पैसे नाकारले, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जावे. तेथे फी पडत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून ग्राहकाला सल्लाही मिळतो.

आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा आधी वाचा, मग सही करा.